सराफ्यातला ओटा आणि ऑलिव्हर हार्ट

(दृश्य: इंदूरचा सराफा, रात्र. शटरं खाली येतायत.)

दिवसभर इथे तोळ्या-माशांचा हिशेब. रात्री सराफाने दुकान वाढवलं, की त्याच्याच ओट्यापुढे कढई चढते. जिलेबी, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद.

समजा, या जागेची लिखापढी झालीय: जागा किती, वेळ कोणती, भाडं किती. पण लग्नसराईत सराफाने दुकान अकरापर्यंत उघडं ठेवलं तर? पायरीच्या फरशीवर तेलाचा डाग पडला तर? कागद गप्प. मग चालतं कोणाचं? ज्याचा ओटा, त्याचं.

एवढ्याशा प्रश्नापाठी अर्थतज्ज्ञ ऑलिव्हर हार्ट यांची हयात गेली. जन्म लंडनचा, १९४८. केंब्रिजला शिकले गणित, मग वळले अर्थशास्त्राकडे. १९७४ मध्ये प्रिन्स्टनची पीएचडी. १९९३ पासून हार्वर्ड.

(दृश्य: रबरबँड लावलेली जुनी वही.)

१९८६ साली अर्थतज्ज्ञ सॅनफर्ड ग्रॉसमन यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी उदाहरण घेतलं विम्याचं. ग्राहकांची यादी कोणाची, एजंटाची की कंपनीची? आपल्या ओळखीच्या विमा एजंटाची वही आठवा. नावापुढे हप्त्याची तारीख, कडेला बारीक अक्षरात ‘मुलीचं लग्न मे मध्ये’. वही त्याची असेल, तर ग्राहक टिकवायला तो चपला झिजवेल. पण कंपनी हात आखडता घेईल, कारण उद्या हा वही बगलेत मारून दुसरीकडे गेला तर? वही कंपनीची केली, की नेमकं उलट. म्हणून ज्याच्या मेहनतीवाचून काम अडतं, मालकी त्याच्याकडे असलेली बरी.

म्हणजे मालकी हा नुसता नफ्याचा वाटा नाही. करार मुका होतो तिथे बोलायचा हक्क, ती मालकी. मला तरी ही व्याख्या वकिलांच्या व्याख्येपेक्षा जास्त पटते.

१९९७ मध्ये हाच प्रश्न श्लायफर आणि विश्नी या अर्थतज्ज्ञांबरोबर त्यांनी तुरुंगाच्या दारात नेला. खासगी ठेकेदाराच्या करारात कोठड्या मोजून लिहिता येतात, पहारेकऱ्याची वागणूक नाही. ठेकेदार पैसा वाचवणार तो नेमका तिथेच.

२०१६ साली बेंगट होल्मस्ट्रॉम यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

(दृश्य: पुन्हा सराफा, उत्तररात्र.)

कढई उतरलीय. कोणीतरी बादलीभर पाणी ओतून पायरी घासतोय. ती घासायची कोणी, हेही बहुधा कुठे लिहिलेलं नसेल.