हिरवं रक्त आणि आण्णांचं काउंटर

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'व्हिडिओ गेममधली हिंसा आणि पालकांची जबाबदारी' असा छापलाय. त्यातली जबाबदारी मी तुमच्यावरच सोडते, कारण मला स्वतःला मूल नाही आणि ज्यांना आहेत त्यांना शहाणपण शिकवायची माझी हिंमत नाही. मी बोलणार आहे ते त्या आकड्याबद्दल. मोबाइलवर गेम उतरवताना नावाखाली बारीक अक्षरात ३+, १२+, १६+ असं काहीतरी लिहिलेलं असतं ना, त्याबद्दल. तो आकडा ठरवण्याच्या कामात माझी पुण्यातली काही वर्षं गेली आहेत.

पण सुरुवात इथल्याच विश्रामबागेतून करते. २००२ साली आमच्या आण्णांनी तिथे सायबर कॅफे काढला. सात मशीन, प्लायवुडचे कप्पे, तासाला वीस रुपये. सुरुवातीला लोक यायचे ते ई-मेल पाहायला आणि बारावीचा निकाल काढायला. वर्षभरात गेमवाली पोरं वाढली आणि मशीनला नंबर लागायला लागले. 'काउंटर स्ट्राइक' आणि 'व्हाइस सिटी'. या 'व्हाइस सिटी'च्या मूळ खोक्यावर अमेरिकेत 'एम' छापलेलं असायचं, म्हणजे सतरा वर्षांच्या वरच्यांसाठी. आमच्याकडे खोकं नव्हतंच. मार्करने नाव लिहिलेली सीडी होती. ती कुठून आली होती हे मी जाहीर सभेत सांगणार नाही. (हशा)

आण्णांना एम, टीन वगैरे काही माहीत नव्हतं. त्यांनी आपला एक नियम काढला होता. दहावीच्या आतल्या पोरांनी पहिल्या दोन मशीनवर बसायचं. त्या दोन्ही स्क्रीन काउंटरवरून दिसायच्या. मागच्या मशीन कॉलेजवाल्यांना. एखादा आठवीतला पोरगा गाडीने माणसं उडवायला लागला की आण्णा पावती फाडता फाडता म्हणायचे, "काय रं, लायसन आहे का तुझ्याकडं?" पोरगा ओशाळायचा आणि पाच मिनिटं सरळ गाडी चालवायचा. मी दुकानात बसून गृहपाठ करायचे आणि मला वाटायचं की आण्णा उगीच पोरांच्या मागे लागतात.

आता अमेरिकेत जाऊ. १९९३ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा गेम घरच्या यंत्रांवर आला. दोन कंपन्यांची यंत्रं, दोन आवृत्त्या. निन्टेन्डोने रक्ताला मनाई केली, म्हणून त्यांच्या आवृत्तीत ठोसा बसला की राखाडी घाम उडायचा. सेगाच्या आवृत्तीत रक्त होतं, पण कुलुपात. ए-बी-ए-सी-ए-बी-बी अशी बटणं दाबली की रक्त सुरू. हा मंत्र अमेरिकेतल्या शाळाशाळांत पाठ झाला आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीबरमन आणि कोल या दोन सिनेटरांनी सुनावण्या घेतल्या. तुम्ही स्वतः काही केलं नाहीत तर सरकार करेल, असा धाक कंपन्यांना बसला. गेमवर वयाचा शिक्का मारणारं ईएसआरबी हे मंडळ १९९४ मध्ये स्थापन झालं ते या धाकातून. ते सरकारी नाही, धंद्याने स्वतःसाठी नेमलेलं आहे.

त्या शिक्क्यामागे कायदाही नाही. कॅलिफोर्नियाने कायदा करून पाहिला, पण २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात मुलांच्या परीकथा काढल्या आणि त्यांतही रक्तपात काही कमी नाही असं दाखवलं. आपल्याकडच्या वकिलाला परीकथांपर्यंत जायची गरजच पडली नसती, दुःशासनाची छाती पुरली असती.

मग कायदा नसताना तो शिक्का चालला कसा? दुकानदारामुळे. तिथला व्यापार आयोग अल्पवयीन मुलांना गुपचूप दुकानांत पाठवून बघायचा की त्यांना एम शिक्क्याचा गेम मिळतो का. २००० साली शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना मिळाला. २०१३ साली तेराच मुलांना. मधल्या काळात गेममधलं रक्त कमी झालं नव्हतं, उलट जास्त खरं दिसायला लागलं होतं. गल्ल्यावरचा माणूस वय विचारायला लागला होता, एवढाच काय तो फरक.

बाकीच्या देशांची गंमत वेगळी आहे. १९९७ चा 'कार्मागेडन' घ्या. त्यात गाडीखाली पादचारी चिरडायचे. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा कंपनीने पादचाऱ्यांचे झोंबी केले आणि त्यांना हिरवं रक्त दिलं. (पुढे अपिलात कंपनी जिंकली आणि लाल रक्त परत आलं.) जर्मनीत त्याच पादचाऱ्यांचे यंत्रमानव झाले. 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीतही सैनिकांच्या जागी यंत्रमानव होते. पण जर्मनीची खरी दुखरी नस रक्त ही नव्हेच. 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' या गेममध्ये नाझींना मारायचं असतं, म्हणजे गेम नाझींच्या विरुद्धच आहे. तरी त्यात स्वस्तिक दिसतं म्हणून १९९४ मध्ये तो तिथे जप्त झाला. चित्रपटाला कलाकृती म्हणून असलेली सवलत गेमला मिळायला २०१८ साल उजाडलं. आपण दिवाळीत दारात जे काढतो ते चिन्ह तिथल्या माणसाच्या पोटात गोळा आणतं. आकडा एकाच पद्धतीने सगळ्यांना लावू म्हणणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

जपानचं भय निराळं. तिथे तलवारबाजी चालते, पण धडावेगळं मुंडकं किंवा तुटलेला हात दाखवायला मंडळ नाखूश असतं. 'बायोहॅझर्ड ७' तिथे दोन आवृत्त्यांत निघाला, एक सौम्य आणि एक चक्क 'ग्रोटेस्क' नावाची. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या जानेवारीपर्यंत गेमला प्रौढांची श्रेणीच नव्हती. जे पंधरा वर्षांच्या मुलाला चालणार नाही ते पन्नाशीच्या माणसालाही विकायचं नाही. तिथे २००८ मध्ये 'फॉलआउट ३' अडला तो गोळीबारामुळे नाही, तर मॉर्फिन या खऱ्या औषधाचं नाव होतं म्हणून. कंपनीने ते बदलून 'मेड-एक्स' केलं आणि तेही सगळ्या जगासाठी. म्हणजे सांगलीतल्या पोराने काय वाचायचं हे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने ठरवलं.

हाच गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्रावर भारतात आलाच नाही. सांस्कृतिक संवेदनशीलता एवढंच कंपनीने सांगितलं. त्या गेममध्ये दोन डोक्यांची एक गाय आहे, तिचं नाव 'ब्राह्मिन'. कारण नेमकं तेच होतं का, हे कंपनीने कधी स्पष्ट केलं नाही, पण खेळणाऱ्यांनी बोट तिकडेच दाखवलं.

चीनमध्ये २०१९ साली पबजीचा जो अवतार आला, त्यात गोळी लागलेला माणूस मरत नाही. तो गुडघ्यावर बसतो, आपल्या सामानाची पेटी पुढे ठेवतो आणि मारणाऱ्याला हात हलवून टाटा करतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. नंतर जरा अस्वस्थ वाटलं. माणसाला गोळी घातली आणि तो आभार मानून गेला, हे रक्तापेक्षा सौम्य आहे का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

या सगळ्यात मला आपले खाडिलकर आठवतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर इथलेच, सांगलीत जन्मलेले. त्यांचं 'कीचकवध' १९०७ चं आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्याच्यावर बंदी घातली. कीचकाला भीमाने कसं मारलं हे तर प्रत्येक कीर्तनात पोरासोरांनी ऐकलेलं होतं. त्या मरणाची सरकारला कशाला भीती? पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता. कात्री कुठे चालली हे पाहिलं की कात्री धरणाऱ्याला कशाची भीती वाटते ते कळतं. त्याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत राक्षस 'अललडुर्र' करत, तलवार फिरवत रंगभूमीवर उड्या घेत यायचे आणि बायकापोरं घाबरायची. त्याला कुणी वयाची अट लावली नव्हती. अर्थात ती पोरं आईच्या मांडीवर बसलेली असायची.

आता आपल्याकडचं बघू. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदी घातली आणि काही तरुणांना चक्क अटक केली. मग २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी होता. कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ अ आणि कारण देशाची सुरक्षा. हिंसा नाही, वय नाही. तरी गावोगावच्या आयांनी देव पाण्यातून काढले. २०२१ च्या जुलैत तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणून परत आला आणि त्यात रक्त होतं हिरवं! कार्मागेडनच्या झोंबींचंच रक्त, जवळजवळ पंचवीस वर्षांनी फिरत फिरत आपल्या दारी आलं. सोबत ही काल्पनिक दुनिया आहे अशी सूचना, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, आणि खर्चाला दिवसाची मर्यादा सात हजार रुपये. सात हजार! हळदीच्या अडतीवर हमाली करणाऱ्या माणसाला विचारा, दिवसाला सात हजार ही मर्यादा आहे की निमंत्रण.

सिनेमाला आपल्याकडे मंडळ आहे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यात ७+, १३+, १६+ असे टप्पेही आले. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. बंदुकीचा गेम कितव्या वर्षी खेळावा हे ठरवणारं मंडळ देशात नाही. मग तो आकडा येतो कुठून?

तो येतो माझ्यासारखीकडून. गेम दुकानात चढवताना बनवणाऱ्याला एक प्रश्नावली भरावी लागते. गेममध्ये हिंसा आहे का? माणसांवर की काल्पनिक प्राण्यांवर? रक्त दिसतं का? अनोळखी खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का? पैसे देऊन काही विकत घेता येतं का? उत्तरं भरली की यंत्र त्यातून देशोदेशीचे आकडे काढतं, युरोपला एक, अमेरिकेला दुसरा, जर्मनीला तिसरा. आपल्यासाठी वेगळा हिशेब नाही, म्हणून उरलेल्या जगाचा सर्वसाधारण आकडा आपल्याला चिकटतो. मी ती प्रश्नावली कित्येकदा भरली आहे, एकदा तर रात्री अकरा वाजता वडापाव खात. रक्त हिरवं केलं की काही उत्तरं सोपी होतात, हे तुम्हाला सांगायला नको. खेळणारा मात्र हिरव्याने फसत नाही. डोक्यात गोळी बसली हे त्याला रंगावरून कळत नसतं.

हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात का, हे तुम्ही शेवटी विचारणारच, म्हणून आत्ताच थोडक्यात सांगते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांनी पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत श्रेणीवरून ठरवलं. दोन्हींचा संबंध सापडला नाही. उलट सांगणारे अभ्यासही आहेत. माझी स्वतःची काळजी रक्ताची कधीच नव्हती. रात्री दोन वाजता हेडफोनवर कुठल्यातरी अनोळखी माणसाशी बोलणारा बारा वर्षांचा मुलगा, आणि नशिबाने बक्षीस निघेल म्हणून पेटीमागून पेटी विकत घेणारा मुलगा, यांची आहे. जर्मनीने २०२३ पासून श्रेणी ठरवताना या गोष्टीही धरायला सुरुवात केली. आपण अजून रक्ताच्या रंगाशी खेळतोय.

आणि आकडा अगदी बरोबर आला तरी तो बघणार कोण? काउंटरच उरलं नाही. आमचा कॅफे २०११ मध्ये बंद झाला. त्या मागच्या पाच मशीन आता प्रत्येक पोराच्या खिशात आहेत आणि पुढच्या दोन कुठेच नाहीत.

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. मागच्या मे महिन्यात तो आजोळी आला. गेमने पालकाचा मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला, तसा तो आण्णांकडे गेला. आण्णांनी चष्मा लावून ओटीपी वाचून दाखवला. म्हटलं, झालं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातले सगळे चार्जर गोळा केले आणि फक्त आपल्या दिवाणाशेजारच्या प्लगला एक ठेवला. खेळायचं असेल तर तिथे बसून खेळ. आठवडाभर पोरगा धुसफुसला. मग त्याने आण्णांच्या फोनवरही गेम उतरवून दिला. त्या गेममध्ये गोळी लागून पडलेल्याला 'नॉक' झाला म्हणतात आणि सोबत्याने त्याला परत उठवणं म्हणजे 'रिवाइव्ह'.

परवा रात्री मी या भाषणासाठी त्यांना एक तारीख विचारायला फोन केला, तर पलीकडून घाईघाईत आवाज आला, "ए, नंतर कर. मला नॉक केलंय, पोरगा रिवाइव्ह द्यायला येतोय."