तीन नंबर
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[तुर्भे. दाणा बाजार. ट्रकमधून गोण्या उतरतायत.]

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना माणूस गुडघ्यात वाकतो, कमरेत नाही. पाठ ताठ. हनुवटी छातीला टेकवायची नाही, मान उचलायची नाही, नजर दोन पावलं पुढं. टोळीत आलेला नवा गडी हे पहिल्या आठवड्यात शिकतो. १९६९ च्या कायद्यानं माथाडी कामगारांना मंडळ मिळालं, फंड मिळाला, हक्काची मजुरी मिळाली. गोणी कशी घ्यायची ते अजूनही मुकादमच सांगतो.

हे आप्पा. मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता मुक्काम कोपरखैरणे. मागं टेम्पोला टेकून चहा पितोय तो त्यांचा धाकटा. वजन ११८ किलो. रग्बीच्या संघात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. तीन नंबर म्हणतात.

[घणसोली. सकाळ. मैदान.]

रग्बी म्हटलं की काखेत चेंडू घेऊन सुसाट सुटलेला गडी डोळ्यांपुढं येतो. त्याच्याकडं नंतर बघू. खरं सांगायचं तर बघणारच नाही, ही फिल्म त्याची नाहीच.

हातातून चेंडू पुढं सांडला की पंच स्क्रम देतो. दोन्हीकडून आठ-आठ जण खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात. पहिल्या फळीत तिघं. मधे दोन नंबर, म्हणजे हूकर. त्याच्या दोन्ही बगलांना टेकू देणारे एक आणि तीन नंबर, हे प्रॉप. एक नंबरच्या डोक्याची डावी बाजू मोकळी असते, त्याला निदान कडेची हवा लागते. तीन नंबरचं डोकं समोरच्या प्रॉप आणि हूकरच्या मधे जातं. उजव्या खांद्यावर एक, डाव्या खांद्यावर दुसरा. आणि पाठीमागून आपल्याच पाच जणांचा रेटा.

आता आवाज ऐका. पंचाचे तीनच शब्द आहेत.

'क्राउच.' सगळे बसतात. खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, हा नियम आहे.

'बाइंड.' तीन नंबरचा उजवा हात बघा. समोरच्याच्या डाव्या दंडाबाहेरून जातो आणि पाठीवरची जर्सी मुठीत धरतो. पाठीवर धरा नाहीतर कुशीला. बाही धरायची नाही, कॉलर धरायची नाही. कोपर खाली झुकलं की खांदा झुकतो, खांदा झुकला की अख्खी फळी तोंडावर आपटते. म्हणून सरांचं, म्हणजे प्रशिक्षकांचं, अर्धं लक्ष त्या एका कोपरावर आहे.

'सेट.'

[संथ गतीत. फक्त आवाज.]

२०१३ पासून हे असं चालतं. त्याआधी दोन्ही फळ्या लांबून एकमेकींवर आदळायच्या. आता आधी पकड, मग धडक. त्यामुळं मानेवर येणारा पहिला दणका कमी झाला.

परदेशातल्या क्लबांकडं सरावासाठी स्क्रम मशीन असतं. लोखंडी सांगाडा, पुढं गाद्या. इथं 'छोटा हत्ती' आहे. आप्पांच्या ओळखीतला. न्यूट्रलमध्ये टाकायचा, मागच्या फाळक्याला जुनी गादी बांधायची, ब्रेकवर एक जण बसवायचा आणि तिघांनी रेटायचं. टेम्पो हलला की पोरं ओरडतात. सर ओरडू देत नाहीत. हलणं सोपं आहे, त्यांना पाठ सरळ हवी आहे. आज आप्पाही आलेत, कडेला उभे आहेत. दोन रेटे बघितले आणि न राहवून म्हणाले, "आरं, मान नगं उचलू. पायात जोर घे." सरांना यापेक्षा वेगळं काही सांगायचं नव्हतं.

[कोपरखैरणे. घर. मोबाइलचा पडदा.]

हा सामना आमच्या तीन नंबरला पाठ आहे. २०१९, योकोहामा, विश्वचषकाची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेचा एक नंबर तेंडाई म्तावारिरा, लोक त्याला 'बीस्ट' म्हणतात. जन्म हरारेचा. सुरुवातीला मागच्या फळीत खेळायचा, डर्बनच्या शार्क्स संघानं त्याला प्रॉप केलं. २००८ मध्ये देशाकडून पहिला सामना, आणि हा ११७ वा, शेवटचा. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा तीन नंबर डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी डॅन कोल आला. त्याला जवळजवळ पूर्ण सामना खेचावा लागला. एरवी प्रॉप पन्नास-साठ मिनिटांत बदलतात. स्क्रममागून स्क्रम इंग्लंडची फळी मागं सरकत गेली. ३२-१२.

आमचा तीन नंबर मात्र जिंकणाऱ्याकडं बघत नाही. पडदा थांबवून कोलचे पाय बघतो.

प्रॉप उशिरा पिकतो. पळणारे तिशीत उतरणीला लागतात, प्रॉपला तिशीत कुठं खेळ कळायला लागतो. दक्षिण आफ्रिकेचा प्रॉप ओस डू रांट १९९५ चा विश्वचषक जिंकला, आणि बारा वर्षांनी, २००७ मध्ये, दुसरा. इंग्लंडचा प्रॉप जेसन लेनर्ड १९९० मध्ये देशाकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा सुतारकाम करत होता. रग्बी युनियनमध्ये उघडपणे पैसे घ्यायची मुभाच १९९५ मध्ये मिळाली. इंग्लंडकडून तो ११४ सामने खेळला. मधे मानेची शस्त्रक्रिया झाली, कमरेचं हाड मानेत बसवलं.

[मैदान. चेंडू घेऊन पळणारी मुलं, लांबून.]

ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून सात जणांची रग्बी आहे. त्यामुळं आपल्याकडं पैसा आणि लक्ष तिकडं गेलं. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली तीही सातचीच. छान झाली. सातच्या स्क्रममध्ये तिघंच असतात, प्रॉपही सडपातळ लागतो, सामना चौदा मिनिटांचा. ११८ किलोचा मुलगा त्यात कुठं बसवणार? वरच्या कबड्डीत ८५ किलोची मर्यादा. गल्ली क्रिकेटमध्ये त्याला अंपायर करतात. शाळेत त्याला 'जाड्या' म्हणणाऱ्यांनी त्याचा खेळ कधीच ठरवून टाकलेला असतो: कुठलाच नाही. पंधरा जणांच्या रग्बीत त्याच्या वजनाची जागा नियमातच लिहिलेली आहे.

नियमात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. पहिल्या फळीत शिकलेलाच माणूस उभा करायचा. बदली तीन नंबर नसेल तर रेटा बंद, स्क्रम नुसता नावाला. आणि या संघात तीन नंबर एकच आहे. त्याला आठवडाभर ताप आला तर सोळा जणांचा सराव वाया.

[मैदानाची कड. सर आणि एक मुलगा.]

हा बघ्यांतला. भाऊ संघात आहे म्हणून डबा घेऊन आलाय.

"वजन किती रे?"

"एकशे बारा, सर. पण मला पळता येत नाही."

"पळायला कोण सांगतंय? गुडघ्यात वाकून दाखव."

तो वाकला. कमरेत. आप्पा कडेवरून चालत निघाले.