पाहुणा बँड

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि पुढे तीन महिने बहुतेक शनिवार त्या खेळाचे असतात. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. हेल्मेट घातलेले धिप्पाड खेळाडू लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, तो. त्या खेळाबरोबर कॉलेजचा बँड येतो. ट्रंपेट, ट्रोम्बोन, ड्रम आणि अंगाभोवती वेटोळं घालून बसणारा अजस्र सूसाफोन घेऊन दोनशे-तीनशे मुलंमुली मैदानात चालत वाजवतात. आज मला बोलायचं आहे ते हा बँड परगावी जातो त्याबद्दल.

परगावी गेलेल्या बँडची एक हकिगत तिकडे पोरासोरांना ठाऊक असते. 20 नोव्हेंबर 1982. कॅलिफोर्नियात बर्कली इथे सामना, पाहुणा संघ स्टॅनफर्ड. शेवटची चार सेकंदं उरली होती आणि स्टॅनफर्ड 20–19 असं पुढे होतं. यजमानांनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे फेकत पळायला सुरुवात केली. खेळ संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात शिरला. केव्हिन मोएन हा बर्कलीचा खेळाडू त्या वादकांच्या गर्दीतून वाट काढत गोलपट्टीत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या ज्या पट्टीत चेंडू नेला की गुण मिळतात तिथे, पोचला आणि तिथे उभ्या असलेल्या ट्रोम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. निकाल 25–20, बर्कलीचा विजय. रेडिओवर ज्यो स्टार्की समालोचन करत होते. बँड मैदानात आलाय, असं ते ज्या आवाजात ओरडले ते ध्वनिमुद्रण लोक अजून ऐकतात. तो चेपलेला ट्रोम्बोन पुढे कॉलेज फुटबॉलच्या संग्रहालयात ठेवला गेला.

हकिगत रंगतदार आहे, पण मला तिचं वाईटही वाटतं. पाहुण्या बँडची आठवण निघते ती नेमकी या घोटाळ्यामुळे. तोच बँड परगावी जाऊन किती अवघड काम करतो, ते बघायला कुणी थांबत नाही.

त्यांचा दिवस कसा जातो ते सांगतो. अडीचशे वादक म्हणजे पाच बसगाड्या, शिवाय वाद्यांचा ट्रक. प्रवास लांबचा असेल तर शुक्रवारीच निघायचं. वाटेत एखाद्या शाळेच्या मैदानावर सराव करायचा. पुष्कळदा त्याच संध्याकाळी त्या शाळेच्या सामन्यात वाजवायचं आणि शाळेतच जेवायचं. गणवेश झाकून टांगलेले. टोपीवरचे तुरे मात्र निराळे, जपून ठेवलेले. बऱ्याच बँडांत ते मैदानात उतरायच्या जरा आधी हातात देतात आणि बाहेर आल्या आल्या परत घेतात. नोव्हेंबरात थंडी अशी पडते की ट्रंपेटच्या कळा जाम होतात. मग मुलं स्टँडमध्ये बसल्या बसल्या कळा दाबत राहतात, वाद्यात ऊन श्वास फुंकत राहतात.

खरी परीक्षा आवाजाची. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते आणि बँडची रुळलेली चाल म्हणजे दोन रेघांमध्ये आठ पावलं, एकेक पाऊल सुमारे 57 सेंटिमीटरचं. हे गणित सगळीकडे सारखंच, त्यामुळे पाय चुकत नाहीत. पण कान फसतात. मैदान गोलपट्ट्या सोडून 91 मीटर लांब. या टोकाचा ठोका त्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. शिवाय समोरच्या स्टँडवर आपटून तोच ठोका उशिरा परत येतो. ऐकू येईल तसं वाजवलं तर बँड विस्कटलाच म्हणून समजा. म्हणून शिकवण अशी की समोरून येणाऱ्या आवाजावर विसंबायचं नाही. डोळे ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडला ताल दाखवणाऱ्या म्होरक्याच्या, हातांवर ठेवायचे आणि कान मागच्या ड्रमांकडे. घरच्या मैदानाचा प्रतिध्वनी कुठून कसा येतो ते सवयीचं असतं. परगावी स्टँडची उंची वेगळी, उतार वेगळा, आणि तिथे सराव करायला मिळेलच असं नाही. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. त्यातली बहुतेक सगळी विरुद्ध बाजूची असताना विशीतल्या मुलांनी तिथे ठेका धरून ठेवायचा, याला मी मोठी कामगिरी म्हणतो.

मिशिगनवरून आठवलं. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानात चालत चालत वळणदार अक्षरांत 'ओहायो' लिहितो आणि शेवटी एक सूसाफोनवाला ऐटीत जाऊन इंग्रजी 'आय'वरचा ठिपका होतो. 1936 पासूनची ही प्रथा त्या राज्याला जीव की प्राण आहे. पण ओहायोच्या मैदानावर वळणदार 'ओहायो' त्याच्याही आधी लिहिलं गेलं होतं, 1932 साली. लिहिणारा बँड होता मिशिगनचा, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याचा. पाहुणे म्हणून आले होते आणि यजमानांच्या सन्मानार्थ त्यांचं नाव लिहून गेले. त्या दोन संघांचं वैर आजही धगधगतं आहे, तरी मिशिगनच्या मुलांनी केलेलं हे काम घडलेलं आहे. कुणाचं श्रेय किती, यावर दोन्हीकडचे लोक वाद घालतात. मला त्यातलं सौजन्य मोठं वाटतं.

हे सौजन्य दरवेळी मिळतंच असं नाही. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडकडे 1921 साली बनवलेला एक प्रचंड ड्रम आहे. माणसाहून उंच, गाड्यावर ठेवून ढकलत न्यायचा. सप्टेंबर 2021 मध्ये नोत्र दामच्या स्टेडियमवर सामना होता. पाहुण्यांसाठी ठरवून दिलेल्या बोगद्यातून तो ड्रम आत जाईना, आणि मोठा बोगदा पाहुण्यांना मिळाला नाही. ड्रम घरी ठेवून बँडला जावं लागलं.

आता दक्षिणेकडे. तिथली कृष्णवर्णीयांची जुनी कॉलेजं उभी राहिली ती गोऱ्यांच्या कॉलेजांत प्रवेश नव्हता त्या काळात. त्यांच्या सामन्यात पाहुणा बँड कोपऱ्यात बसून राहत नाही. सामन्याआधी दोन्ही बँड समोरासमोर वाजवून घेतात, त्याला म्हणतात शून्यावा क्वार्टर. चार क्वार्टरांचा खेळ संपल्यावर पाचवा क्वार्टर होतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि निकाल प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी लावायचा. आपल्याकडे शाहिरी सवाल-जवाबात रात्र सरायची, तशी यांची संध्याकाळ सरते. लुइझियानातली ग्रॅम्बलिंग आणि सदर्न ही दोन विद्यापीठं 1974 पासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, सुमारास बायू क्लासिक नावाचा सामना खेळतात, बहुतेक वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये. तिथे दोन्ही बँड प्रवास करून येतात आणि बँडांच्या लढतीला स्वतंत्र तिकीट लावून लोक गर्दी करतात. याच ग्रॅम्बलिंगचा बँड जानेवारी 1967 मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्या सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात वाजला. आणि फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग 100' हा बँड 1989 मध्ये थेट पॅरिसला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनात तो अमेरिकेतर्फे चालला.

याच बँडची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये ऑरलँडोच्या सामन्यानंतर हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये एका ड्रम मेजरला त्याच्याच सोबत्यांनी रिवाजाच्या नावाखाली मारलं आणि त्यात तो गेला. खटले झाले, शिक्षा झाल्या, बँड 2013 पर्यंत बंद राहिला. दौऱ्यावरच्या बसमध्ये मुलांना मोकळं सोडून शिक्षकांनी निर्धास्त व्हायचं, हे चालणार नाही. बसमध्ये काय चाललं आहे याची जबाबदारी कॉलेजचीच.

खर्चाचंही बोललं पाहिजे. बस, हॉटेल, जेवण आणि यजमानांनी मोजून दिलेल्या खुर्च्या, हे सगळं जमवताना पुष्कळ विद्यापीठं पूर्ण बँड वर्षातून एखाद-दोन दौऱ्यांनाच नेतात. एरवी तीस-चाळीस वादकांची छोटी तुकडी पाठवतात. ही मुलं मैदानात उतरत नाहीत, स्टँडमधूनच वाजवतात. हिशेब मला कळतो, तरी ही काटकसर चुकीच्या जागी होते असं माझं स्पष्ट मत आहे. खेळाडूंसाठी, प्रशिक्षकांसाठी पैसा ओतला जातो, आणि त्याच सामन्यासाठी उन्हाळ्यापासून घाम गाळणाऱ्या वादकांना घरी बसवतात. त्यातल्या बहुतेकांना खेळाडूंसारखी शिष्यवृत्ती नसते. वर्गातले तास, अभ्यास सांभाळून ती हे करतात.

पर्ड्यू, ओहायो स्टेट, टेक्सास ए अँड एम या नावांशी आपल्यापैकी कितीतरी घरांचा संबंध आहे. मुलगा-मुलगी तिकडे शिकते आहे, आईवडील शरद ऋतूत भेटायला जातात. तुम्ही जाणार असाल तर मुलांना एवढंच विचारायला सांगा, की पाहुण्यांचा पूर्ण बँड कोणत्या सामन्याला येणार आहे. तिकीट त्याच सामन्याचं काढा, आणि जागा जमली तर पाहुण्यांच्या कोपऱ्याजवळची घ्या. बँड मैदानात उतरतो तो मध्यंतरात. ते साधारण वीस मिनिटांचं असतं आणि नेमके तेव्हाच सगळे खाण्याच्या रांगेत पळतात. तुम्ही बसून राहा. खाणं आधीच उरकून घ्या.

नमस्कार.