सिंहगडाच्या वाटेवर, ऑक्टोबरच्या उन्हात

ऑक्टोबरची सकाळ. पाऊस सरलाय, पण आतकरवाडीहून सिंहगडावर चढणारी पायवाट अजून ओलसर आहे. गडावर पिठलं-भाकरी खायला निघालेली मंडळी झपझप पुढे जातायत. आपण जरा या झुडपापाशी थांबू या.

हे पान पाहा. त्यावर पंख पसरून बसलंय लेमन पॅन्सी. तपकिरी पंख, लिंबाच्या रंगाचे ठिपके. फुलपाखराला अंगची ऊब नसते. ऊन खाल्ल्याशिवाय त्याला उडता येत नाही. ऊन पानावर आलं... पंख मिटले, उघडले, पुन्हा मिटले... आणि गेलं!

तारेवर वेडा राघू. झेपावला, चोचीत मधमाशी घेऊन परत जागेवर. आता नीट बघा. तो तिला तारेवर आपटतो, घासतो, नांगीतलं विष काढून टाकतो आणि मगच गिळतो. याला वेडा कोणी म्हटलं असेल?

वळणावर ओल झिरपतेय. तिथं काळ्या मखमलीवर निळाई सांडल्यासारखं ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. हा नर असणार. सोंडेने तो चिखलातले क्षार शोषतोय. याला चिखलपान म्हणतात. पावलं हळू टाका, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

आणि आता माथा. देवटाक्याच्या वर हवेत पिवळसर चतुरांचा थवा. कितीही वेळ थांबा, एकही खाली टेकत नाही. यांचं नाव वॉन्डरिंग ग्लायडर. लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर. पावसाच्या डबक्यांत यांची पिल्लं वाढतात, आणि डबकी आटू लागली की हे निघतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग दर ऑक्टोबरात इतके चतुर येतात कुठून? २००९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं : भारतातून, समुद्र ओलांडून, पूर्व आफ्रिकेकडे जाताना. जाऊन-येऊन ही फेरी १४ ते १८ हजार किलोमीटरची, आणि ती पुरी व्हायला चार पिढ्या लागतात, असा त्यांचा अंदाज. अमूर ससाणेही आफ्रिकेला याच सुमारास, याच बाजूने जातात. वाटेत त्यांची शिदोरी म्हणजे हेच चतुर.

वारा आता पूर्वेचा आहे. एक चतुर कड्याच्या पुढे सरकला. त्याच्याखाली दरी, समोर तोरणा, त्यापलीकडे कोकण, आणि मग नुसतं पाणी.