परसातलं तळं आणि सोलापूरचा मे महिना

श्रोतेहो, नमस्कार.

घरामागची मोकळी जागा नीट लावून घ्यावी, एखादं छोटं तळं करावं, शेजारी गझिबो उभारावा, अशी हौस हल्ली जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत बरीच दिसते. गझिबो म्हणजे चार किंवा सहा खांबांवरची बसायची छत्री. हौस चांगलीच आहे. तळ्याचं तर आपल्या गावाला मुळीच नवल नाही. सिद्धेश्वर तलाव सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून खोदवला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. अडचण एवढीच, की परसबागेचे फोटो आपण पाहतो हिरव्यागार श्रावणातले, आणि बाग जगवायची असते मे महिन्यात. म्हणून आखणी करायची ती मे महिना डोळ्यांसमोर ठेवून.

आधी पाण्याचा हिशेब. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सहज एक सेंटिमीटर उतरते, वारा असेल तर त्याहून जास्त. दहा फूट बाय आठ फुटांचं तळं धरा. रोजचे जवळजवळ पंच्याहत्तर लिटर पाणी नुसतं उडून जाणार, म्हणजे पंधरा लिटरच्या पाच बादल्या. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात तळ्यासाठी रोज पाच बादल्या मागितल्या, तर घरातली बाई काय म्हणेल ते मी इथं माइकवर सांगत नाही. तेच तळं सहा बाय पाचचं केलं तर दोन बादल्यांत भागतं. बघायला मोठं तळं छान वाटतं, पण माझं मत लहान आणि खोल तळ्याच्या बाजूचं. खोली दोन-अडीच फूट हवीच. उथळ पाणी दुपारी इतकं तापतं की माशांचे हाल होतात आणि शेवाळही लवकर धरतं. घरात लहान मूल असेल, तर मात्र पाण्याच्या पातळीच्या थोडी वर मजबूत लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नका.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये परसातल्या भेगेत हात घालून बघा, मनगटापर्यंत जातो. अशा जमिनीत नुसतं विटा-सिमेंटचं टाकं बांधलं, की दोन उन्हाळ्यांत गिलाव्यावर केसासारखी चीर उमटते आणि पाणी कुठं जातंय ते कळत नाही. त्यापेक्षा शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद बरा. खड्ड्यातले दगड, मुळ्या वेचून काढायच्या, तळाला दोन-तीन इंच बारीक वाळू, त्यावर जुनी सतरंजी किंवा पोती आणि मग कागद. कडा फूटभर बाहेर घेऊन त्यांच्यावर शहाबादी फरशी ठेवायची. उघडा राहिलेला कागद उन्हानं कडक होऊन फाटतो. खणून निघालेली काळी माती टाकून देऊ नका. शेणखत आणि थोडी वाळू मिसळली की फुलझाडांच्या वाफ्यांना ती उत्तम.

तळं कडुनिंबाखाली मात्र नको. पानगळीत रोज पानं काढता काढता जीव नकोसा होतो, आणि कुजलेल्या पानांनी पाणी घाण होतं. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा, म्हणजे कुमुद फुलेल. निम्मं पाणी पानांखाली झाकलेलं असलं की शेवाळ आवाक्यात राहतं. कारंजं लावायचंच असेल तर कुमुदापासून लांब लावा, पानांवर सतत पाणी उडालेलं त्याला चालत नाही.

आता गझिबो. बहुतेक लोक छपराचा विचार करतात, आणि गंमत म्हणजे छपराचं काम सगळ्यात सोपं आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या वेळी कुठलंही छप्पर सावली देतंच. खरा त्रास चार वाजल्यानंतरचा. तेव्हा ऊन पश्चिमेकडून आडवं आत घुसतं, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतोही थोडा उत्तरेकडे सरकून. म्हणून पश्चिम आणि वायव्येची बाजू बांबूच्या जाळीनं झाका, त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. पूर्वेची बाजू मोकळी सोडा आणि तिकडं तळं ठेवा. छपराला नुसता पत्रा नको, खाली बसलेल्याला भाजून काढतो. मंगळुरी कौलं चांगली. पत्राच घालायचा असेल तर वर तुराट्यांचा जाड थर बांधा, आणि चूल-शेगडी तिथून लांब ठेवा.

खांब थेट मातीत पुरू नका. काळी माती त्यांना हलवते आणि वाळवी खालून पोखरते. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटचा पाया घ्या, त्यात लोखंडी पट्टी बसवा आणि खांब जमिनीपासून थोडा वर बोल्टनं जोडा. वळवाचा वारा छप्पर खालून उचलतो, त्यामुळं छपराचे जोडही तितकेच पक्के हवेत.

हिरवळीचा हट्ट शक्यतो सोडाच. तिलाही पाणी भरपूर लागतं. फरशा मोकळ्या ठेवून मधे मुरूम भरा, कडेनं कण्हेर, चाफा, तगर, एखादं डाळिंब आणि कढीपत्ता लावा.

खोदाई उन्हाळ्यात उरकली, की मृगाच्या आधी कागद पसरून तयार ठेवा. गच्चीचा पाइप तळ्याकडं वळवा, पण पहिल्या एक-दोन सरींचं धुळकट पाणी बाहेर जाऊ द्या. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. तळं भरून वाहणारं पाणी बोअरच्या शोषखड्ड्यात सोडा. पुढं नळाचं पाणी घालायची वेळ आली, तर ते उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून मग घाला, क्लोरिन माशांना सोसत नाही.

आणि मासे हवेतच, नाहीतर आठवड्याभरात डासांची पैदास सुरू होते. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. सुरुवातीला दहा-बारा सोडले तरी पुरे, पुढची भर ते स्वतःच घालतात.