आधी वजन, मग औषध

नागपूरच्या इतवारीत धान्याच्या दुकानात मांजर असणे ही हौस नव्हे, सोय असते. पोती आली की उंदीर येतातच. मात्र याच उंदरांतून एका जातीचा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, मांजरीच्या पोटात शिरतो. दुसऱ्या जातीचा पट्टकृमी पिसवांतून येतो: अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि काही आठवड्यांनी तिच्या शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे चिकटलेले दिसतात.

पिल्लांचे प्रकरण निराळे आहे. गोल जंतांच्या अळ्या त्यांना आईच्या दुधातूनच मिळतात, म्हणून उंबरठाही न ओलांडलेल्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आढळते. त्यांना साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, दूध सुटेपर्यंत दर 2 आठवड्यांनी औषध देतात आणि सोबत आईलाही देतात.

गोल जंतांवर पायरँटेल आणि पट्टकृमींवर प्राझिक्वान्टेल चालते. एकाचे काम दुसरे करीत नाही. कोणते द्यायचे, हे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे ताज्या विष्ठेचा नमुना नेऊन ठरवावे.

खरी चूक मात्र मात्रेत होते. 4 किलोच्या बोक्याची गोळी 600 ग्रॅमच्या पिल्लाला ‘अंदाजे अर्धी’ दिली, तर त्याच्या वाट्याला तिपटीहून जास्त औषध जाते. दुकानात काटा असतोच. पिल्लाला टोपलीत बसवून वजन करावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. पातळ औषध सुईविना सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने द्यावे. मान मागे वाकवून ओतल्यास ते श्वासनलिकेत उतरू शकते. चव कडू लागली की मांजर तोंडातून फेस काढते. तो बहुधा विषबाधेचा नसतो, पण उलट्या, थरथर किंवा सुस्ती दिसल्यास वाट पाहू नये.

लसूण हा घरगुती उपाय म्हणून आजही सांगितला जातो. त्याने मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधातील परमेथ्रिन तर तिच्या जिवावर बेतते, कारण तिच्या यकृताला ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही. पिसवांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, पण मांजरीसाठीच्याच औषधाने. तो न केल्यास पट्टकृमीचे तुकडे महिन्याभरात पुन्हा दिसू लागतात.