पाम्प्लोना: तीन मिनिटांच्या धावेपलीकडे

सकाळी आठच्या ठोक्याला सांतो दोमिंगोच्या चढावर आतषबाजीचा बाण सुटतो, फाटक उघडतं आणि सहा वळू दगडी रस्त्यावर उसळतात. कळप पांगू नये म्हणून सोबत गळ्यात घंटा बांधलेले बैल. पुढे जीव घेऊन पळणारी माणसं, पांढऱ्या कपड्यांतली, गळ्यात लाल रुमाल. संत फेर्मिनच्या सणात, ७ ते १४ जुलै, रोज सकाळी. सुमारे ८५० मीटरची धाव, बहुतेक वेळा तीन मिनिटांत आटोपणारी. उत्तर स्पेनमधलं पाम्प्लोना जगाला ठाऊक आहे ते एवढंच.

आपण हाच रस्ता सावकाश चालत जाऊ.

हा भिंतीतला कोनाडा पाहा. सणात इथे संत फेर्मिनची छोटीशी मूर्ती बसवतात. धावेला पाच मिनिटं उरली की धावणारे तिच्यापुढे गोळा होतात, गुंडाळलेली वर्तमानपत्रं उंचावतात आणि ‘आमचं रक्षण कर’ म्हणून गातात. आधी स्पॅनिशमध्ये, मग इथल्या बास्क भाषेत. तीन मिनिटं उरल्यावर पुन्हा, एक मिनिट उरल्यावर पुन्हा. त्या भीतीत खोटं काही नाही. १९१०पासून या धावेत १६ माणसांचा जीव गेला आहे. आणि सकाळी धावलेले सहाही वळू त्याच संध्याकाळी झुंजीच्या रिंगणात मारले जातात. त्यांना तिथवर नेण्यासाठीच तर ही धाव सुरू झाली. थरार खरा आहे, पण याला निव्वळ मौज म्हणायला माझं मन धजत नाही.

चढ संपतो तिथे नगरपालिका. ६ जुलैला दुपारी बारा वाजता याच सज्जातून सणाचा पहिला बाण सुटतो. ही इमारत नेमकी इथेच का? मध्ययुगात पाम्प्लोना म्हणजे तीन वेगळ्या वस्त्या होत्या: नावारेरिया, सान सेर्निन आणि सान निकोलास. प्रत्येकीला स्वतःचा तट, आणि आपसात हाडवैर. १२७६मध्ये त्या वैरापायी नावारेरिया बेचिराख झाली. अखेर १४२३मध्ये तेव्हाच्या इथल्या नावारा राज्याचा राजा तिसरा कार्लोस याने तिन्ही वस्त्या एक केल्या आणि नगरपालिकेला जागा दिली ती तिघींच्या मधली, कुणा एकीचीच नसलेली.

हा राजा जवळच्या कॅथेड्रलमध्ये विसावला आहे. अलाबास्टर या मऊ, फिकट दगडात कोरलेले राजा-राणी शेजारी शेजारी, आणि खाली चौथऱ्याभोवती शोक करणाऱ्या छोट्या छोट्या आकृत्या. प्रत्येकीच्या झग्याची चुणी वेगळी. हातात एकच तास असेल, तर तो इथे द्यावा.

धावेच्या रस्त्यावर पुढे एस्ताफेता गल्लीत शिरणारं काटकोनी वळण, जिथे वळू घसरून कुंपणावर आदळतात. मग ती सरळ गल्ली, आणि शेवटी रिंगण.

तटावर मात्र रेंगाळायला हवं. १५१२मध्ये स्पेनच्या फर्नांडो राजाच्या फौजेने नावाराचं राज्य जिंकलं. १५२१मध्ये ते परत मिळवायला फ्रेंच आणि नावारी सैन्य चालून आलं. शहर राखणाऱ्यांमध्ये इग्नेशियस लोयोला नावाचा एक सरदार होता. तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने लढत होते झेवियर घराण्यातले दोन भाऊ. त्यांचा वाडा इथून सुमारे ५० किलोमीटरवर. त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा होता, नाव फ्रान्सिस.

पुढे पॅरिसमध्ये शिकताना हाच फ्रान्सिस आणि तोच लंगडणारा इग्नेशियस एका खोलीत राहिले, मित्र झाले, आणि त्यांनी सोबत्यांसह जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ उभा केला. फ्रान्सिस १५४२मध्ये गोव्यात उतरला. त्याचं शव आज जुन्या गोव्यात, बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे. ३ डिसेंबरला तिथे त्याचं फेस्त भरतं, आणि त्याच दिवशी पाम्प्लोनातही सुट्टी असते. तो नावारा प्रांताचा दिन आहे.